मुलाची शुगर मुलाच्या हाती: टाइप १ मधुमेह असलेल्या लेकरांसाठी आणि अम्मी-अब्बूंसाठी

आपल्या घरांत ‘शुगर’ हा शब्द नवा नाही. दादीला शुगर असते, मामूंना असते, शेजारच्या हाजी साहेबांना असते. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला शुगर निघाली की सगळं घर हादरतं. मग अम्मी सुई द्यायला शिकते, अब्बू मीटर वापरायला शिकतात, मोठा भाई औषधाचं दुकान सांभाळतो. शिकायचं राहून जातं ते एकच माणूस: ज्याला आजार आहे, ते लेकरू. ‘अजून लहान आहे, त्याला काय कळतं’, ‘घाबरून जाईल’, ‘बाहेर कोणाला बोलू नको’ असं म्हणत आपण त्याला त्याच्याच आजारापासून लांब ठेवतो.

पण शाळेत, मकतबमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर, खालाच्या घरी लग्नात अम्मी सोबत नसते. तिथे शुगर अचानक उतरली तर ओळखणारं आणि खिशातलं ग्लुकोज काढणारं ते मूलच असतं. म्हणून अकोला-अमरावतीच्या घरांना रोज लागणारी माहिती इथे एका जागी दिली आहे. इन्सुलिनचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच पाळा.

दादीची शुगर वेगळी, मुलाची वेगळी

मोठ्या माणसांना बहुतेक वेळा टाइप २ मधुमेह असतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही. गोळ्या, चालणं, आहार यांनी बरंच भागतं. लहान मुलांना बहुतेक वेळा टाइप १ असतो. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. आता इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज आणि आयुष्यभर. दादीच्या गोळ्या इथे चालत नाहीत. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांनी इन्सुलिनची जागा भरत नाही.

हा आजार गोड खाल्ल्यामुळे होत नाही. अम्मीने गरोदरपणात काही खाल्लं म्हणूनही होत नाही. तो कोणालाही लागत नाही. एका ताटात जेवलं, एका ग्लासातून पाणी प्यालं तरी भावा-बहिणींना काही होत नाही.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी तपासा

मूल वारंवार लघवीला जातं, सारखं पाणी मागतं, भरपूर खाऊनही वाळतं, थकून पडून राहतं. रात्री अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा ओलं करू लागतं. वऱ्हाडात उन्हाळ्यात ‘ऊन लागलं असेल, म्हणून पाणी पितो’ असं समजून दिवस निघून जातात. बोटातल्या रक्ताची तपासणी एका मिनिटात होते, ती लगेच करून घ्या.

उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी ही ‘कीटोअॅसिडोसिस’ची लक्षणं आहेत. इन्सुलिनविना शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. यात जीव जाऊ शकतो. पोटाचा विकार समजून घरी थांबू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

मुलाला काय सांगायचं

खरं सांगायचं, सोप्या शब्दांत. लहान मुलाला असं सांगता येतं: ‘आपण जेवतो त्याची साखर बनते. ती साखर म्हणजे शरीराचं पेट्रोल. पेशीच्या दाराला कुलूप असतं आणि इन्सुलिन ही त्याची चावी आहे. तुझ्या पोटात चाव्या बनायच्या थांबल्या, म्हणून आपण सुईने चावी देतो.’ सहा वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

मुलाच्या मनात आणखी दोन प्रश्न असतात, ते बहुतेक वेळा विचारत नाही. पहिला: ‘मी काही वाईट केलं म्हणून झालं का?’ आपणहून सांगा की नाही, यात तुझी चूक नाही, ही सजा नाही. दुसरा: ‘मी मरणार का?’ त्याला सांगा की इन्सुलिन वेळेवर घेतलं तर शाळा, खेळ, नोकरी, निकाह, लेकरं सगळं होतं.

इथे एक खरी गोष्ट मुलांना ऐकवण्यासारखी आहे. १९२१ पर्यंत या आजाराला औषधच नव्हतं. कॅनडातल्या टोरंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. त्या सुईने फारसा फरक पडला नाही. मग कॉलिप यांनी औषध जास्त शुद्ध केलं आणि २३ जानेवारीला दिलेल्या सुईने त्याची साखर उतरली. मरणाच्या दारातलं ते पोरगं पुढे १३ वर्षं जगलं. आजचं इन्सुलिन आणि मीटर तेव्हापेक्षा कितीतरी चांगले आहेत. वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप १ निघाला. तो त्यानंतरही खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज ठरला.

काही घरांत शंका असते की हे औषध डुकरापासून बनतं का. पूर्वी गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन बाजारात आलं. ते जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार करतात. आज आपल्याकडे मुलांना दिलं जातं ते सर्वसाधारणपणे याच प्रकारचं असतं. शंका राहिली तर डॉक्टरांना विचारा, पण त्यापायी एकही डोस चुकवू नका.

कोणत्या वयात किती जबाबदारी

३ ते ६ वर्षं: सगळं काम मोठ्यांचं. मुलाने फक्त बोट कोणतं ते निवडावं, सुई कुठे घ्यायची ते सांगावं. ‘पोटात कसंतरी होतंय’, ‘हात थरथरतात’ एवढं बोलायला शिकवा.

७ ते १० वर्षं: बोट टोचून शुगर बघणं, आकडा वाचणं, वहीत लिहिणं जमतं. शुगर लो झाल्याचं ओळखून खिशातलं ग्लुकोज खाणं यायलाच हवं. पेनने सुई घेता येईल, पण आकडा मोठ्यांनी बघितल्याशिवाय नाही.

११ ते १४ वर्षं: सुई स्वतः घेणं, जागा बदलणं, ताटात पोळी-भात किती हे मोजणं, डोसचा हिशेब अम्मी-अब्बूंसोबत बसून करणं.

१५ वर्षांनंतर: बरंचसं स्वतः. तरी घरच्यांनी पूर्ण हात काढू नये. या वयात कंटाळा येतो, मित्रांसमोर लाज वाटते, डोस चुकतात. रोज एकदा ‘आज आकडे कसे आहेत बेटा?’ एवढं विचारणारं कोणीतरी हवं.

एक गोष्ट सगळ्या वयांना लागू आहे. मीटरवरचा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. २८० आला म्हणून ओरडलं, मारलं, ‘काय चोरून खाल्लं?’ म्हटलं, तर पुढच्या वेळी मूल वहीत खोटा १४० लिहितं. त्या खोट्या आकड्यावर डॉक्टर डोस ठरवतात आणि मूल धोक्यात येतं. ‘बरं झालं सांगितलंस, आता काय करू या?’ एवढंच म्हणा.

शुगर लो: प्रत्येकाला पाठ हवं

७० च्या खाली आकडा म्हणजे लो. घाम, थरथर, भूक, धडधड, चिडचिड, चक्कर ही लक्षणं. मीटर जवळ नसेल तर तपासायची वाट बघू नका, आधी साखर द्या.

१. लगेच १५ ग्रॅम साखर: ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे तीन चहाचे चमचे पाण्यात, किंवा एक छोटा पेला (१५० मि.ली.) संत्र्याचा रस. पाच-सहा वर्षांच्या लेकराला यापेक्षा कमी पुरतं, ते प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.
२. १५ मिनिटं बसवा, मग पुन्हा तपासा.
३. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच.
४. आकडा वर आला आणि जेवायला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा बिस्किटं द्या.

पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर उशिरा चढते.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन दिलेलं असेल तर ते द्या. दिवसभर खेळणं झालं असेल तर रात्री झोपताना तपासाच, कारण अशा दिवशी शुगर मध्यरात्री उतरू शकते.

सुई, शीशी आणि वऱ्हाडाचं ऊन

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. यू-४० म्हणजे एका मि.ली. मध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १०० युनिट. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपीची. १०० ची शीशी आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली, तर १० च्या खुणेला १० नाही, २५ युनिट जातात. उलट गल्लत झाली तर १० ऐवजी ४ च जातात. दुकानातून घेताना शीशी आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवायचा, ही तपासणी मुलालाच करायला सांगा. एकदा सवय लागली की सुटत नाही.

सुई पोट, मांडी, दंडाची मागची बाजू, कुल्हे इथे घ्यायची आणि रोज जागा बदलायची. एकाच जागी घेतली तर तिथे गाठ होते आणि औषध नीट भिनत नाही. बोट टोचण्याआधी हात धुवा. बोटाला आंबा किंवा गूळ लागलेला असेल तर आकडा खोटा वर दिसतो.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात इन्सुलिन खराब होतं आणि दिसायला तसंच राहतं. न उघडलेली शीशी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरात असलेली शीशी थंड जागी साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर मातीचं भांडं कामाचं आहे. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, आत घट्ट झाकणाच्या डब्यात शीशी, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा आणि वाळू वाळू देऊ नका. लग्नसराईत प्रवास करताना शीशी मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीजवळ नको. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं किंवा कोणत्याही इन्सुलिनमध्ये कण दिसले तर वापरू नका.

ताट, दावत आणि ईद

मुलासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. साखर चढवतात ती कर्बोदकं: पोळी, भाकर, भात, आलू, फळं, दूध, साखर. मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम, ज्वारीच्या मोठ्या भाकरीत ३५ ते ४०, १५० ग्रॅमच्या वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४०, पेलाभर दुधात १० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मटण, चिकन, अंडी यांत जवळपास नाहीत. म्हणजे बिर्याणीत मोजायचा तो भात. दालच्यात डाळ आणि दुधीपेक्षा सोबतचा भातच जास्त चढवतो.

ईदच्या दिवशी सगळे शीरखुर्मा खाताना एकाच मुलाला ‘तुला नाही’ म्हटलं तर ते मागच्या खोलीत चोरून खातं आणि त्या वाटीचं इन्सुलिन घेतलंच जात नाही. त्यापेक्षा आधी शुगर बघा, छोटी वाटी सगळ्यांसोबत द्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या हिशेबाने इन्सुलिन वाढवा किंवा पोळी कमी करा. हा हिशेब ईदच्या आठ दिवस आधीच विचारून ठेवा.

रमजान आणि रोजा कुशाई

भाऊ-बहिणींची रोजा कुशाई झाली, हार घातले, फोटो काढले, की या मुलालाही रोजा ठेवावासा वाटतो. काही मुलं कोणाला न सांगता ठेवतात. हे धोक्याचं आहे. नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही आणि आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, हे घरातल्या मोठ्यांनी मुलासमोर मोठ्याने बोलायला हवं.

मोठी झालेली काही मुलं रोजा ठेवायचाच म्हणतात. त्यांनी रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. टाइप १ मध्ये रोजा सर्वसाधारणपणे जास्त जोखमीचा मानला जातो. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर डोस बदलून मिळतात आणि दिवसातून अनेकदा तपासावं लागतं. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी. बोट टोचल्याने किंवा इन्सुलिनच्या सुईने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. कजा आणि फिदयाबद्दल आपल्या मौलानांना विचारा. ज्याला रोजा नाही त्याला सहेरीला उठवा, इफ्तारचा दस्तरखान मांडायला द्या, तरावीहला सोबत न्या. रमजान त्याचाही आहे.

शाळा आणि मकतब

वर्गशिक्षक, खेळाचे सर आणि मकतबच्या मौलानांना आजार सांगा. एका कागदावर मुलाचं नाव, लोची लक्षणं, काय द्यायचं आणि दोन फोन नंबर मराठीत किंवा उर्दूत लिहून द्या. दप्तरात मीटर आणि ग्लुकोज कायम असावं. शौचाला किंवा पाणी प्यायला अडवू नये. मूल मदरशात राहून हिफ्ज करत असेल तर रात्री उठवून तपासणारा एक जबाबदार माणूस ठरवल्याशिवाय पाठवू नका.

सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खायच्या वस्तू सोबत नेऊ दिल्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं की अशा मुलांना वर्गात आणि परीक्षेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधलं खाणं खाऊ द्यावं. शाळा अडवत असेल तर या पत्राचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊन केंद्राची परवानगी घेऊन ठेवा.

ताप आला, उलट्या झाल्या तर

‘आज जेवला नाही, मग सुई नको’ ही चूक जिवावर बेतते. आजारपणात शुगर उलट वाढते. डोस कमी-जास्त होईल, पण इन्सुलिन बंद होत नाही. दर तीन-चार तासांनी तपासा, पाणी पाजत राहा. २५० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन पट्टीने बघा. कीटोन असतील आणि उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठा.

कोणी म्हणतं अमुक गावात काढा मिळतो, तमुक आमिलकडे जा, सुई सुटते. दुआ करा, दम करून घ्या, पण इन्सुलिन सोडू नका. निदानानंतर काही महिने इन्सुलिन कमी लागू शकतं, ते काढ्याने नाही, उरलेल्या थोड्या पेशींमुळे. तो काळ संपतो. तेव्हा सुई बंद असेल तर मूल काही दिवसांत कीटोअॅसिडोसिसमध्ये जातं.

मुलगी असेल तर

‘रिश्ता येणार नाही’ या भीतीने मुलीचा आजार लपवला जातो. मग ती शाळेत सांगत नाही, मैत्रिणींत सुई घेत नाही, दावतीत डोस टाळते. निकाहानंतरही लपवायचं ठरलं तर सासरी न्हाणीघरात चोरून सुई घ्यावी लागते आणि जमलं नाही तर चुकते. त्याची किंमत तिचं शरीर चुकवतं. साखर ताब्यात ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी तयारी करून, टाइप १ च्या मुली आई होतात. ज्या घराला हे सांगता येत नाही, तिथे ती सुरक्षित राहील का, याचा विचार अम्मी-अब्बूंनी करावा. मुलीच्या स्ट्रिप्समध्ये आणि डोसमध्ये काटकसर नको, मुलाएवढंच तिचंही.

मदत कुठे

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) आणि डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय इथल्या बालरोग विभागात जा. इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. इन्सुलिन, सिरिंज आणि स्ट्रिप्स तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. भरती व्हायची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे योजनेची चौकशी करा. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ‘ड्रीम ट्रस्ट’ गरीब घरच्या टाइप १ मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण देण्यासाठी ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था याच कामात आहे. निघण्याआधी चौकशी करून जा.

दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा. ते साधारण ७ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असावं. अकरा वर्षांनंतर, आजाराला दोन ते पाच वर्षं झाली की दरवर्षी डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासून घ्या. डॉक्टरांपुढे बोलताना मुलाला पुढच्या खुर्चीत बसवा, आकडे त्यालाच सांगू द्या.

बारा वर्षांच्या मुलाला यायला हवीत अशी उत्तरं

- माझ्या आजाराचं नाव काय?
- मी कोणतं इन्सुलिन, किती वाजता, किती युनिट घेतो?
- माझी सिरिंज ४० ची की १०० ची?
- शुगर किती झाली म्हणजे लो, आणि मग मी काय खातो?
- माझं ग्लुकोज आत्ता कुठे आहे?
- ताप आला तर सुई बंद करायची का?
- अम्मी-अब्बूंचा नंबर पाठ आहे का?
- शाळेत हे कोणाकोणाला माहीत आहे?

आज रात्री जेवण झाल्यावर हे प्रश्न विचारून बघा. जे येत नसेल ते या आठवड्यात एक-एक करून शिकवा.